पाव किलो सुकट

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी मी मडगावला पुरुमेताच्या फेस्ताला, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीच्या बाजाराला, गेले होते. ऊन असं की डोक्यावरची ओढणी तापून कपाळाला चटका बसत होता. चर्चच्या बाजूच्या रस्त्यावर खारे बांगडे, सोलां म्हणजे आमसुलं, नवी मिरची आणि माडाचा काळा गूळ यांचा मिळून एकच वास दाटला होता. एका म्हाताऱ्या बाईच्या टोपलीपुढे मी उकिडवी बसले. तिची सुकट चांगली वाळलेली होती, मुठीत घेतली की कुरकुरत होती. "पाव किलो द्या," मी म्हणाले. तिनं पारड्यात ओतली, काटा स्थिर होईपर्यंत थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "इतलें पुरो?" त्यात टोमणा नव्हता. माझ्या शेजारी बसलेली बाई दोन किलो सुकट बांधून घेऊन आता बांगडे मोजून घेत होती, तिच्या पायाशी कांद्याच्या दोन माळा गुंडाळून ठेवलेल्या होत्या. "पुरो," मी म्हणाले. म्हातारीनं पारड्यात वर एक मूठ टाकली, तिचे पैसे काही घेतले नाहीत, आणि पुडी बांधता बांधता म्हणाली, "पावस चार म्हयने आसा, बाये."

वास्कोच्या बसमध्ये ती पुडी मांडीवर घेऊन बसले होते. आजूबाजूला पोती, पिशव्या, माळा. कंडक्टरला पाय ठेवायला जागा नव्हती. बसमधल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं की ऑगस्टमध्ये आपली चूल कुठे पेटलेली असेल.

मला ठाऊक नव्हतं.

त्याआधीच्या महिन्यातच आम्ही चिखलीला एका आंटीच्या घरात वरच्या मजल्यावर राहायला आलो होतो. करार ३१ ऑक्टोबरपर्यंतचा. नोव्हेंबरपासून सीझन, तेव्हा ती जागा पर्यटकांना द्यायची, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि नौदलाच्या क्वार्टरच्या यादीत आमचा नंबर तेव्हा सहावा होता. "कधीही येईल," असं ऑफिसमधून नवऱ्याला सांगितलं होतं. हा 'कधीही' शब्द नौदलातल्या बायकांना चांगला कळतो. कधीही म्हणजे पुढच्या आठवड्यात, किंवा पुढच्या वर्षी. पण आला की चार-पाच दिवसांत सामान हलवून चार्ज घ्यायचा असतो, नाहीतर नंबर खालच्याला जातो. म्हणून शिफ्टिंगचा वास आला की आम्ही डबे रिकामे करायला लागतो. तेल लिटरच्या पुढे आणायचं नाही, तांदूळ पाच किलोंच्या वर नाही, लोणचं तर घालायचंच नाही. विशाखापट्टणमहून गोव्याला येताना आईनं दिलेल्या लोणच्याची बरणी ट्रकमध्ये फुटली होती, पडद्यांच्या खोक्यात. ते पडदे मी तीनदा गरम पाण्यातून काढले. आजही दुपारचं ऊन पडलं की कापडात तो तेलाचा डाग नकाशासारखा उमटतो.

माझं माहेर साताऱ्याकडचं, कोरेगाव तालुक्यातलं. आमच्याकडे या साठवणीला बेगमी म्हणतात. उन्हाळा लागला की घरात दुसरा विषय नसायचा. गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड. दारात मिरच्यांचा सडा आणि कांडपाहून आलेली वर्षाची चटणी, जिच्या वासानं शेजारच्या गल्लीतली माणसंही शिंकायची. गहू उन्हात घालून, कडुलिंबाचा पाला टाकून कणगीत भरायचे. माझे आजोबाही फौजेत होते, त्यामुळे आजीनं उभा जन्म नवऱ्याची वाट बघण्यात काढला. पण तिचं घर हललं नाही. नवरा जम्मूला असो की आसामात, आजी त्याच कणगीला त्याच जागी शेण-मातीनं लिंपत राहिली. मी लहानपणी तिच्याबरोबर पाला निवडायला बसायचे. कणगी भरून झाली की ती हात झाडायची आणि म्हणायची, "चला, वर्ष झालं." जूनसुद्धा लागलेला नसायचा, आणि आजीच्या लेखी वर्ष झालेलं असायचं. मला माझ्या लग्नाला तेरा वर्षं होऊनही एकदाही असं म्हणता आलेलं नाही. नवऱ्याबरोबर राहायला मिळतं, आजीला ते मिळालं नाही, हे मी स्वतःला सांगते आणि ते खरंही आहे. तरी कणगी आठवतेच.

गोव्यातलं आमचं पहिलं घर वास्कोत होतं, पाचव्या मजल्यावर. "गोव्याला पोस्टिंग, मजा आहे तुमची," हे आमच्या प्रत्येक नातेवाइकानं म्हटलं. त्यांना मी कधी खिडकीची फळी दाखवू शकले नाही. सकाळी ओल्या फडक्यानं पुसलेली फळी बंदराकडून वारा आला की संध्याकाळी पुन्हा काळी. बोटानं नाव लिहिता येईल इतकी कोळशाची पूड. नवऱ्याचा पांढरा गणवेश बाहेर वाळत घालायची माझी छाती झाली नाही, तो आम्ही आतल्या खोलीत पंख्याखाली वाळवायचो. गोव्याला घरभाडे भत्ता वाय वर्गाच्या शहरांच्या दरानं मिळतो, कोल्हापूर-सांगलीला मिळतो तोच, मूळ पगाराच्या २० टक्के. आमच्या हातात ९,००० च्या आतबाहेर पडायचे आणि घराचं भाडं होतं १८,०००. कोल्हापुरात एवढ्यात अंगणासकट घर मिळेल. इथे आमची भाड्यासाठीची चढाओढ थंडीच्या दिवसांत समुद्रावर येणाऱ्या माणसांशी असते, आणि ती आम्ही हरणार हे ठरलेलंच. अकरा महिन्यांनी मालकानं भाडं वाढवून मागितलं आणि आम्ही निघालो. काळ्या पेट्या, ज्यांच्यावर पांढऱ्या रंगात नवऱ्याचं नाव, नंबर आणि आधीच्या तीन गावांची नावं खोडून खोडून लिहिलेली आहेत, त्या पाच मजले उतरवल्या.

आंटीचं घर मात्र मला पाहताक्षणी आवडलं होतं. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे दोन माड आणि एक आंब्याचं झाड. विमानतळ इतका जवळ की लढाऊ विमान उठलं की बोलणं अर्ध्यावर थांबवायचं आणि आवाज गेल्यावर त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचं. आंटीला त्याची इतकी सवय की ती तोंड उघडं ठेवून तशीच थांबायची. तिनंच मला एकदा सांगितलं की ती सात वर्षांची असताना, १८ डिसेंबर १९६१ ला, दाबोळीच्या धावपट्टीवर भारतीय विमानांनी बॉम्ब टाकले तेव्हा आईनं तिला खाटेखाली ढकललं आणि वर रोझरी म्हणत बसली. धक्क्यानं घरातली भांडी कशी वाजत होती ते सांगताना तिनं शेगडीवरचं झाकण बोटांनी वाजवून दाखवलं. त्यानंतर नौदल आलं, आणि तेव्हापासून या घरात कोणी ना कोणी 'नेव्हीवालो' भाड्यानं राहत आलेला आहे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नवऱ्याची स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, जहाजावर गेली. विमानवाहू जहाज निघालं की इथल्या कितीतरी घरांतले पुरुष एका रात्रीत नाहीसे होतात. फोन लागत नाही, परतण्याची तारीख विचारायची नसते. माझी सुकट त्याच आठवड्यात संपली. एक जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद, बाजारात जे काही यायचं त्याचा भाव ऐकून परत फिरावं लागायचं, आणि पाऊस असा की दोन दिवस घराबाहेर पडता येत नव्हतं. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे मी मुलांना शिकवलेलं आहे. तो अंगावर घेणं निराळं. कपाटातल्या कातडी पट्ट्यांवर पांढरी लव आली. गणवेशावर पिवळे ठिपके येऊ नयेत म्हणून मी कपाटात साठचा बल्ब लावून ठेवला. पेट्यांच्या बिजागऱ्या गंजून कुरकुरायला लागल्या. लेकीची वही हातात घेतली तर पानं ओल्या पापडासारखी लवत होती.

एका रात्री दीडच्या सुमाराला लेक ओरडत उठली, तिच्या उशीवर पाणी ठिबकत होतं. मी पलंग ओढला, बादली ठेवली, तर दुसऱ्या जागी धार लागली. वीज गेलेली. मी मोबाइलच्या उजेडात कौलांकडे बघत उभी होते आणि मला रडू येत होतं, पाण्यासाठी नाही, सकाळी हे ज्याला सांगायचं तो फोनवर नाही म्हणून. तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला. सत्तरी ओलांडलेली ती बाई गाऊनवर नवऱ्याचं जुनं जॅकेट चढवून, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात बांबूची लांब काठी घेऊन वर आली होती. तिनं टॉर्च माझ्या हातात दिली, काठीचं टोक कौलाच्या कडेला आतून लावलं आणि हलकेच वर ढकललं. कौल खरडत वरच्या कौलाखाली सरकलं. धार तुटली. मग दुसरं. तिसऱ्या कौलाला तिनं काठी माझ्या हातात दिली आणि बोटानं दाखवत राहिली, इथे, जोरात नाही, थोडं डावीकडे. माझ्याकडून ते सरकलं तेव्हा तिनं माझ्या पाठीवर थाप मारली. मला तो स्पर्श अजून आठवतो, ओला आणि जड.

दुसऱ्या दिवशी तिनं मला खाली बोलावलं आणि कोठीची खोली उघडली. आत शिरताच मडगावच्या त्या रस्त्याचा वास आला. वर वाशाला कांद्याच्या माळा टांगलेल्या, धुरानं थोड्या काळवंडलेल्या. पत्र्याच्या डब्यांत उकडे तांदूळ, चिनी मातीच्या बरण्यांत सोलां, मीठ लावलेली चिंच, कोपऱ्यात रचलेली लाकडं. तिनं एक डबा उघडून सुकट माझ्या पदरात ओतावी तशी ओढणीत ओतली, मोजली नाही. मग किसमूर कसं करायचं ते उभ्याउभ्याच दाखवलं: सुकट कोरडी भाजायची, डोकी-शेपट्या चोळून काढायच्या, वर कांदा, ओलं खोबरं, मिरची, चिंचेचा कोळ. जेवायला बसताना कालवायचं, आधी नाही, नाहीतर कुरकुरीतपणा जातो. त्या दुपारी लेकीनं दोनदा भात घेतला.

त्याच खोलीत मागच्या भिंतीला एक फळी होती. तिच्यावर आधीच्या भाडेकरूंच्या राहून गेलेल्या वस्तू: मिक्सरचं एक भांडं, लहान मुलाची तीनचाकी, एक स्टॅबिलायझर, पंजाबीत छापलेली कसली तरी पोथी, कुकरचं झाकण. तिनं काहीच टाकलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, कोण जाणे, येतील घ्यायला. कुकरचं ते झाकण बघून मला गलबलून आलं. झाकणाशिवाय तो कुकर कुठल्याशा छावणीत, भटिंड्याला किंवा पोर्ट ब्लेअरला, कुणा वहिनीच्या माळ्यावर पडून असेल.

आणि तरीही याच आंटीनं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, सीझनआधी रंग द्यायचा म्हणून, रंगाऱ्याला वरच्या मजल्याची मापं घ्यायला पाठवलं. आम्ही राहत असताना. तो भिंतीवर पेन्सिलीनं खुणा करत फिरत होता आणि लेक तिथेच खाली बसून गृहपाठ करत होती. मी जिना उतरून भांडायला निघाले होते. अंगणात ती नारळ सोलत बसली होती, एकटी, मुलगा पोर्तुगालला, घराचं कौल शाकारणं वर्षावर्षाला महाग. सीझनमध्ये चार दिवसांत मिळतात तेवढे पैसे आम्ही तिला महिन्याला देत होतो. मी काहीच बोलले नाही. तिनं सोललेला नारळ माझ्याकडे टाकला आणि मी तो झेलला. राग गेला नव्हता. आजही पूर्ण गेलेला नाही, आणि तिची आठवण आली की आधी ती बांबूची काठीच डोळ्यापुढे येते.

नंबर लागला तो ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. नवरा दोन दिवसांसाठी आला होता, तो परत गेल्यावर चार्ज मीच घेतला. कारकून यादी वाचत जातो, आपण मान डोलवायची: पंखे तीन, ट्यूब चार, नळ पाच, खिडकीच्या काचा अमुक, पैकी तडकलेली एक. तडकलेली लिहून घेतली नाही तर जाताना ती आपण फोडलेली ठरते. मी प्रत्येक काचेपुढे उभी राहिले. भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत, ठोकलेच तर निघताना भोकं बुजवून रंग देऊन द्यायची. न्हाणीघराच्या छताला ओल होती, तक्रार वहीत लिहिली, तिच्या वरच्या ओळीतही ओलच होती आणि तिच्या वरच्याही. २००२ साली केंद्रानं तिन्ही दलांच्या विवाहित माणसांसाठी जवळपास दोन लाख घरं बांधायचं काम हाती घेतलं. तेव्हा मी शाळेत होते आणि माझे वडील पेपरातली ती बातमी मोठ्यानं वाचून म्हणाले होते की आता पुढच्या पोरांचे हाल संपतील. ते टप्पे लांबत गेले. घरं झाली, चांगलीही झाली, पण आमच्यासारखे यादीत उभेच आहेत.

स्वयंपाकघरातलं ओट्याखालचं कपाट पुसायला मी दार पूर्ण उघडलं तेव्हा आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं. 'गैस लगा', आणि पुढे तारखा. एकाखाली एक. सिलिंडर किती दिवस पुरतो त्याचा हिशेब. सात-आठ तारखांनंतर अक्षर बदललेलं, आता मल्याळम. मग काही तारखा नुसत्या आकड्यांत, गोल वळणदार. मग बंगाली असावं. एकीचा सिलिंडर पस्तीस दिवस पुरायचा, एकीचा पन्नास, म्हणजे तिचा नवरा बाहेर असणार. प्रत्येकीची यादी कुठल्या तरी तारखेला थांबते आणि खाली दुसरी सुरू होते. कितीतरी वेळ मी तिथे फडकं हातात धरून बसले होते. वर रंग देताना कुणाला ते दार आतून रंगवायचं सुचलं नव्हतं, किंवा सुचूनही कुणी रंगवलं नसेल. संध्याकाळी लेकीच्या कंपासमधली पेन्सिल घेतली आणि बंगालीच्या खाली मराठीत लिहिलं: गॅस लावला, २४ ऑक्टोबर.

डिसेंबरात एका खाजगी शाळेत मुलाखत दिली. माझं बीएस्सी, बीएड झालेलं आहे. सरकारी शाळेचा विचार करता येत नाही, त्याला गोव्यात पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं आणि कोंकणी यावी लागते. कोंकणी मी शिकतेय, पण पंधरा वर्षं कुठून आणू? फाइलमधले अनुभवाचे दाखले बाईंनी एकेक करून बघितले: लोणावळ्याचं एक वर्ष दोन महिने, जामनगरचे आठ महिने, विशाखापट्टणमचं दीड वर्ष. शिकवण्याबद्दल त्यांनी एकच प्रश्न विचारला. दुसरा प्रश्न होता, "इथे किती दिवस आहात?" गॅस एजन्सीत तोच, लेकीच्या प्रवेशाच्या वेळी तोच, घर बघायला गेलं की दारातच तोच. खोटं बोलायला मला जमत नाही. "माहीत नाही," मी म्हणाले, आणि त्यांनी फाइल हळूच मिटली. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही, वर्षाच्या मध्यात मास्तरीण गेली की वर्गाचं काय होतं हे मीही बघितलेलं आहे. पण घरी येताना मला मडगावची ती म्हातारी आठवली. या सगळ्यांच्या प्रश्नात मी किती टिकणार याचा अंदाज होता. तिनं एकटीनं मला काय पुरेल ते विचारलं होतं.

आता पुन्हा मे आला. गोव्यातलं आमचं दुसरं वर्ष भरत आलंय, म्हणजे बदलीची ऑर्डर कधीही. कधीही म्हणजे काय ते मी वर सांगितलंच. शेजारच्या वहिनींनी डबे रिकामे करायला घेतलेत, त्यांची लखनौकडची कसलीशी वडी संपवायला रोज एक ताटली आमच्याकडे येते. मीही तेल लिटरनंच आणतेय. पण रविवारी सकाळी लेकीला उठवलं, पिशव्या घेतल्या आणि मडगावची बस धरली. नवरा म्हणाला, "अगं, महिन्यात निघायची वेळ आली तर?" मी म्हटलं, "अहो, आली तर ट्रकमध्ये घालू, नाही मावलं तर आंटीच्या फळीवर ठेवू."

तीच म्हातारी होती की दुसरी, सांगता येणार नाही. टोपली तशीच, ऊन तसंच. "एक किलो," मी म्हणाले. तिनं तोललं, बांधलं, हातात दिलं. काही विचारलं नाही. दोन किलो सोलां घेतली, आंटीसाठी माडाच्या गुळाची ढेप घेतली आणि कांद्याची एक माळ, लेकीनं निवडलेली, तिच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत येणारी. बसमध्ये तिनं ती गळ्यात घालून ठेवली होती आणि सालं सगळ्यांच्या अंगावर उडत होती.

क्वार्टरमध्ये वासा नाही आणि खिळा ठोकायचा नाही. माळ स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधली आहे, पावसाची झड लागणार नाही अशा बाजूला. आज सकाळी पोह्यांसाठी खालून तिसरा कांदा तोडला.